गोटीरामने नवस सोडला

घणसोली गावातलं एक भांडण लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. एका बाजूला गोटीराम, दुसऱ्या बाजूला साक्षात गावदेवी. भावाभावांत जमिनीवरून होतात, मालक-भाडेकरूंत पाण्याच्या मोटरवरून होतात, तसली भांडणं गावाला नवी नव्हती. पण देवीशी अबोला धरलेला माणूस अख्ख्या गावात हा एकच. आणि गोटीरामचा स्वभाव बघता माघार घ्यायची झालीच तर देवीच घेईल, असं लोक हसून म्हणायचे.

गोटीराम सत्तरीला टेकलेला. शेतं शहराच्या पोटात गेली तेव्हा त्याने घराच्या मागे खोल्यांवर खोल्या चढवल्या आणि भाड्यावर संसार चालू ठेवला. आवाज असा, की तो गल्लीच्या या टोकाला खोकला की त्या टोकाचा भाडेकरू आपली बाइक बाजूला घ्यायचा. पण गावात त्याला मान होता तो शब्दाचा. पोराच्या, तेजसच्या हळदीला त्याने हातातला भरलेला ग्लास खाली ठेवला, कारण त्या दिवशी सकाळी व्याह्यांना 'आता प्यायची नाय' असं तो बोलून बसला होता. आगऱ्यांच्या हळदीत, नवरदेवाच्या बापाने, वरून बँजो वाजत असताना! त्यानंतर त्याने ग्लासाला हात लावला नाही. एवढ्या एका गोष्टीवर गावाने त्याचा बाकीचा सगळा तिरसटपणा माफ केला होता.

देवीशी बिनसलं ते नातीवरून. तेजस आणि प्रियाची मुलगी गीतांजली, सगळ्यांची गितू, दिवस भरायच्या आधी झाली, काचेच्या पेटीत राहिली, घरी आली. वय वाढलं तरी मान धरेना, बसेना. मग वाशीच्या डॉक्टरांनी सांगितलं, जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, सेरेब्रल पाल्सी आहे, चालणं फार कठीण. तेजस फरशीकडे बघत राहिला. प्रिया डॉक्टरांना एकामागून एक प्रश्न विचारत राहिली. गोटीराम मात्र उठला, रिक्षा केली आणि थेट गावदेवीच्या देवळात जाऊन उभा राहिला. नेमका जत्रेचा दिवस. देऊळ खच्चून भरलेलं.

"बाय," तो देवीला म्हणाला, "माझी नात तिच्या पायांनी तुज्या पायऱ्या चढून येल. तवर ती नाय येनार आनि मी पन नाय येनार. हा गोटीरामचा शब्द हाय."

गावात नवसाची रीत मोठी कडक. मनातल्या मनात बोललेला नवस गाव धरतच नाही. तो भर देवळात, चारचौघांना ऐकू जाईल असा बोलायचा. फेडायचा तर वाजतगाजत फेडायचा. आणि सोडायचा असेल, म्हणजे मागितलेलं मिळत नाही हे कबूल करून देवीला मोकळं करायचं असेल, तर तेही जत्रेच्याच दिवशी, तेवढ्याच मोठ्याने, काय मिळणार नाही ते स्वतःच्या तोंडाने सांगून. त्यामुळे नवस फेडणारे गावात पुष्कळ होते, विसरणारेही होते. सोडणारा मात्र कुणाच्या आठवणीत नव्हता.

त्यानंतर दर जत्रेला गोटीराम सकाळीच गाव सोडायचा आणि मोऱ्याला, सुनेच्या माहेरी जाऊन बसायचा. सून इकडे पाहुण्यांना वाढतेय आणि सासरा तिकडे तिच्या बापाबरोबर धक्क्यावर बसून बोटी बघतोय! व्याही बिचारे भले. त्यांनी कधी विचारलं नाही. गावातले मात्र विचारायचे, कुणी काळजीने, कुणी नुसतं चघळायला. गोटीराम चालता व्हायचा.

देवीशी अबोला होता, पण नातीचं त्याने जे केलं ते बघून भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली. प्रियाची महापेला कंपनीत नोकरी. तिने ती सोडायची तयारी दाखवली तेव्हा गोटीरामच म्हणाला, "तू जा. तू शिकलेली हायस. घरी मी हाय ना?" आणि ज्याने आयुष्यात स्वतःचा चहा कधी गाळला नव्हता, तो माणूस मऊ भातात बोयट माशाचा एकेक काटा काढून नातीला भरवायला शिकला. खोबरेल कोमट करून तिचे ताठलेले पाय चोळायला शिकला. आवळलेली मूठ ओढायची नसते, अंगठ्याच्या बाजूने हळूच सोडवायची असते, हे फिजिओथेरपीच्या बाईंनी त्याला एकदा दाखवलं. पुढे त्याने ते स्वतः पुतळाला, म्हणजे बायकोला, अशा थाटात शिकवलं की जणू शोध त्याचाच.

रस्त्याकडचा गाळा भाडेकरूला उठवून त्याने गितूची खोली केली. ओटा फोडून उतार बांधला. गल्लीत आडव्या लावलेल्या बाइकमुळे गितूची व्हीलचेअर अडायची, तेव्हा त्याने भांडण केलं नाही, शिवी दिली नाही, फक्त सकाळी उठून सगळ्या आडव्या बाइकच्या चाकांतली हवा सोडली. दुसऱ्या दिवशीही सोडली. तिसऱ्या दिवसापासून गल्ली अशी मोकळी झाली की लग्नाची वरात जावी.

शाळेच्या गाडीपाशी एक बाई एकदा हळहळून म्हणाली, "मागच्या जन्माचं काहीतरी असतं हो." गोटीराम तिच्याकडे वळला. "असंल ना. माज्या मागच्या जन्माचं पुन्य असंल, म्हनून ही माज्या घरी आली." गोटीरामने हे उत्तर घरी चार वेळा सांगितलं. पण खरं सांगायचं तर ते त्याच्या ओठांवरचं होतं. आत कुठेतरी तो रोज एका दुसऱ्याच गितूची वाट बघत होता, जी उठेल आणि चालायला लागेल.

त्यासाठीच त्याने पावणे गावातल्या एका वर्कशॉपमधून उभं राहायची चौकट बनवून घेतली. फिजिओच्या बाईंनी नक्षा दिला होता. गोटीराम वेल्डरच्या डोक्यावर बसून राहिला आणि प्रत्येक कोपरा हाताने चाचपून गोल करून घेतला. त्या चौकटीत पट्टे बांधून गितूला रोज अर्धा तास उभं करायचं, असं बाईंनी सांगितलं होतं. गोटीराम जास्त वेळ करायचा. चैत्रातली जत्रा जवळ आली की आणखी जास्त. प्रिया रागावली की तो "हो हो" म्हणायचा आणि ती कामावर गेली की पुन्हा तेच. त्याला वाटायचं, जरा जोर लावला तर या जत्रेला नाही, पण पुढच्या जत्रेला पोर नक्की चालेल. गितू कण्हायची. पण ती हसतानाही तसाच आवाज काढायची आणि भूक लागली तरी तसाच. त्यातला कुठला कशाचा, हे आपल्याला कळतं अशी गोटीरामची पक्की समजूत होती.

यंदा गितूला बोलता येऊ लागलं. म्हणजे तोंडाने नाही. तिच्या शाळेतल्या बाईंनी टॅबवर चित्रं लावून दिली. चित्र दाबलं की शब्द ऐकू येतो. शब्द प्रियाने स्वतःच्या आवाजात भरले. एका रविवारी ती मांडी घालून बसली, गितू समोर खदखदून हसत होती, त्यामुळे प्रियालाही हसू आवरत नव्हतं आणि पाणी, भूक, आई, आणखी, दुखतंय असे सगळे शब्द एकाच हसऱ्या सुरात भरले गेले. गितूची बोटं उघडत नाहीत, म्हणून ती डाव्या मुठीच्या हाडाने दाबते. नेम धरायला वेळ लागतो, मान एकीकडे जाते, हात दुसरीकडे. पण पहिल्याच दिवशी तिने जे चित्र शोधून दाबलं, ते गोटीरामच्या फोटोचं होतं. "आजा," टॅब म्हणाला. मग पुन्हा, "आजा. आजा." गोटीराम उठून गच्चीवर गेला. खाली आला तेव्हा डोळे लाल होते आणि तो टॉवरवाल्यांच्या बांधकामाच्या धुळीला शिव्या देत होता.

जत्रा जवळ आली तशी गल्लीच्या तोंडाशी देवीच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लागला. संध्याकाळी ढोलांची तालीम सुरू झाली की गितूची मान तिकडे वळायची. शाळेतून येताना तर ती फ्लेक्सपाशी अंग असं ताठ करायची की खुर्ची थांबवावीच लागायची. प्रियाने त्या फोटोचंही एक चित्र टॅबवर लावलं. त्या रात्री जेवताना टॅब बोलला, "आजा. देवी."

"हो गो, देवी. छान हाय देवी," गोटीराम म्हणाला आणि भाताचा घास पुढे केला.

"आजा. देवी. आजा. देवी."

गोटीराम घास तसाच धरून बसला. प्रिया म्हणाली, "बाबा, तिला देवळात जायचंय. तुमच्याबरोबर जायचंय."

"तुला म्हाईत हाय ना माजा शब्द?"

"माहीत आहे. म्हणूनच इतकी वर्षं मी एकदा तरी बोलले का? तुमी तिचं जे करता ते कुनाचा बाप करनार नाय, हे मला दिसतं. म्हणून गप्प बसले." प्रियाचा आवाज चढला नव्हता, पण हातातली वाटी तिने खाली ठेवली. "पन शब्द तुमी दिला. तिनं नाय दिला. तिला कुनी विचारलं होतं?"

"शब्द मोडला तर देवी कोपंल गो," पुतळा मध्येच घाबरून म्हणाली. गोटीरामने ती पळवाट लगेच धरली. "बघ, ही पन तेच सांगते," असं म्हणून तो हात धुवायला उठला.

देवीच्या कोपाला तो मुळीच भीत नव्हता. त्याची भीती वेगळी होती आणि ती त्याने पुतळालाही कधी सांगितली नव्हती. नवस होता तोवर गितू एक दिवस चालणार होती. नवस सोडला की ती चालणार नव्हती. ते एक वाक्य डॉक्टर बोलला होता, फिजिओच्या बाई अडून अडून बोलल्या होत्या, तेजस आणि प्रियाने ते केव्हाच गिळून पचवलं होतं. घरात एकट्या गोटीरामच्या तोंडातून ते अजून बाहेर पडलं नव्हतं. ते बाहेर पडलं तर आपल्याला सकाळी उठायला जोर कुठून यायचा, हे त्याला कळत नव्हतं.

जत्रेच्या दिवशी सकाळी मोऱ्याला निघायच्या आधी त्याने नेहमीसारखे गितूचे पाय चोळले आणि तिला चौकटीत उभं केलं. पट्टे आवळले. टॅब समोरच्या फळीवर ठेवला. बाहेर तोरणं बांधायचा गलका चालू होता. अर्धा तास झाला. गोटीरामने घड्याळाकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"दुखतंय," टॅब म्हणाला.

"थोडा येळ, बाय माजी. थोडाच."

"दुखतंय. आजा. दुखतंय."

प्रियाचा तो हसरा आवाज. गोटीराम पट्ट्याकडे बघत होता, त्याने मान वर केली. गितूच्या ओठाच्या कडेने लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मूठ पुन्हा पुन्हा त्याच चित्रावर आपटत होती. नेम चुकायचा, मग ती पुन्हा मान सावरायची आणि पुन्हा दाबायची. दुखतंय, दुखतंय. तोंडाने ती तोच आवाज काढत होती, जो गोटीराम इतकी वर्षं ऐकत आला होता.

तो पट्ट्यांवर झेपावला. पट्ट्याचं बक्कल सुटेना. "थांब, थांब गो बाय, सोडतो," असं पुटपुटत त्याने कसेबसे पट्टे सोडवले आणि तिला उचलून मांडीवर घेतलं. किती वर्षं? या आवाजाला आपण हट्ट म्हटलं, आळस म्हटलं, कधी लाडाने गाणं म्हटलं. नवस आपण बोललो आणि तो फेडायला रोज हिला बांधून उभं केलं. तो तिच्या गुडघ्यांवर हात फिरवत रडला. मोठ्याने रडला. पुतळा स्वयंपाकघरातून धावत आली. लग्नापासून तिने त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं.

"पांढरा सदरा काढ," तो म्हणाला.

"मोऱ्याला जायला पांढरा?"

"देवळात जायचंय. हिला पन नवा फ्रॉक घाल. प्रियाला सांग, टॅब चार्ज हाय का बघ."

व्हीलचेअर गल्लीतून निघाली तेव्हा ढोल घुमायला लागले होते. पुढे गोटीराम, मागे खुर्ची ढकलणारा तेजस, बाजूला प्रिया आणि पदराने डोळे टिपत पुतळा. माणसं बाजूला होत होती, एकमेकांना कोपरं मारत होती. गोटीराम कुणाकडे बघत नव्हता. पायऱ्यांपाशी गोटीरामने गितूला खुर्चीतून उचललं, तसा तेजस पुढे झाला. "बाबा, द्या माझ्याकडे, आता जड झालीय ती."

"मी आनतो. तू मागून धर."

खरंच ती जड झाली होती. पाय ताठून एकमेकांत अडकले होते, फ्रॉक घसरत होता, प्रत्येक पायरीवर गोटीराम थांबून धापा टाकत होता. प्रियाचा तळहात त्याच्या पाठीवर होता. वर गाभाऱ्याच्या दारात भैरू उभा होता. देवीची पूजा त्याच्याकडे, आणि तो गोटीरामचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याने गितूचे हवेत लोंबणारे पाय पाहिले आणि सगळं ओळखलं. हात वर करून त्याने ढोल थांबवले.

गोटीराम देवीसमोर उभा राहिला. इतक्या वर्षांनी. शेंदराचा आणि झेंडूचा तोच वास. काय बोलायचं ते त्याने येताना मनात चार वेळा म्हणून घेतलं होतं.

"बाय," तो म्हणाला. "मी नवस सोडतो. माजी नात, गीतांजली..." पुढचं ओठांतल्या ओठांत गेलं.

भैरू त्याच्या जवळ सरकला. त्याचेही डोळे भरले होते, पण रीत ती रीत. "मोठ्यानं बोल, गोट्या," तो हळूच म्हणाला. "मागं ऐकायला नाय गेलं."

गोटीरामने डोळे मिटले. गितूचा गरम श्वास त्याच्या मानेवर येत होता. मग ज्या आवाजाने तो गल्ली मोकळी करायचा, त्याच आवाजात तो म्हणाला, "माजी नात चालनार नाय! कदी चालनार नाय! मी शब्द दिला, मीच मोडला. तू मोकळी हायस, बाय."

तेजसने तोंडावर हात ठेवला. गोटीराम तसाच उभा राहिला, काहीतरी कोसळेल म्हणून वाट बघत. काही कोसळलं नाही. पोर होती तिथेच होती, तेवढीच जड, तेवढीच उबदार, आणि तिला धरलेल्या हातांतला जोरही होता तिथेच होता. नवसामुळे आपण उठतो असं त्याला वाटत होतं. तो उठत होता ते हिच्यासाठी, हे त्याला आत्ता, इथे उभं राहून कळलं. मग देवीकडे त्याने पहिल्यांदाच भांडणाशिवाय पाहिलं. हिला कुठे ठेवावं, कोण सांभाळील, असा विचार करून तिने आपलंच घर निवडलं असेल तर केवढा विश्वास टाकला आपल्यावर, असं त्याच्या मनात आलं आणि त्याची छाती भरून आली.

"नवस सुटला," भैरू म्हणाला. "आता दुसरं काय मागनं असंल ते बोल."

"मागनं काय नाय," गोटीराम म्हणाला. "हिला देवी बघायची होती. तेवढ्यासाठी आलो."

गितूची मान एका बाजूला कलली होती. तिला समोर बघायचं म्हणजे आधी मान सावरावी लागते, मग डोळे, आणि घाई केली की सगळं पुन्हा विस्कटतं. प्रियाने हनुवटीला आधार द्यायला हात पुढे केला, पण गोटीरामने मान हलवून नको म्हटलं. फक्त कोपर थोडं वर उचलून तिच्या पाठीला आधार दिला, फिजिओच्या बाईंनी शिकवला होता तसा. मान थोडी वर आली, पुन्हा घसरली, पुन्हा वर आली. भैरूने समई उचलून देवीच्या तोंडापाशी धरली.

मागे रांग खोळंबली होती. नारळाच्या पिशव्या, कडेवरची पोरं, चैत्राचं ऊन. "काका, पुढं सरा ना," कुणीतरी ओरडलं. "दर्शन झालं असंल तर चला!"

"थांबा जरा," गोटीराम मागे न बघता म्हणाला. "ती बघतेय."

गितूचे डोळे देवीवर स्थिरावले होते. ती हसत नव्हती, आवाज करत नव्हती, नुसती बघत होती. खाली पायऱ्यांवर कुणीतरी विचारलं, रांग का थांबली. वरच्याने खालच्याला सांगितलं, त्याने त्याच्या खालच्याला, आणि बोलणं देवळाच्या दारातून पायऱ्या उतरत, खेळण्यांच्या दुकानांवरून थेट रस्त्यापर्यंत गेलं, "थांबा, गोटीरामची नात देवी बघतेय." आणि सगळी जत्रा थांबली.